दोन तुकड्यांतला सांगाडा आणि विरत गेलेले कुल: हिप्सिलोफोडॉनची कथा

इ. स. १८४९. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या आयल ऑफ वाइट या बेटावर, नैर्ऋत्येकडील समुद्रकड्यापाशी, मजुरांच्या हाती एक शिलाखंड लागला. त्यात एका लहानशा प्राण्याच्या सांगाड्याचा मोठा भाग गुंतलेला होता. शिलाखंडाचे दोन तुकडे झाले. एक गिडियन मँटेल या वैद्य-भूशास्त्रज्ञाकडे गेला आणि दुसरा जेम्स स्कॉट बोवरबँक या निसर्गसंग्राहकाकडे. एकाच प्राण्याचे अर्धे शरीर एका घरी, अर्धे दुसऱ्या घरी!

पुढे हे दोन्ही तुकडे लंडनच्या संग्रहालयात पुन्हा एकत्र आले. परंतु तो प्राणी कोण होता हे ठरायला वीस वर्षे लागली. तो कसा जगत होता हे ठरायला सव्वाशे वर्षे लागली. आणि ज्या कुलाला त्याने आपले नाव दिले, त्या कुलात त्याच्याशिवाय कोण कोण होते, हा वाद आजही पूर्ण मिटलेला नाही. ही त्याचीच हकीकत.

प्रथम स्थळ. या किनाऱ्यावर जागोजागी झऱ्यांनी समुद्रकडा कापून अरुंद घळी केल्या आहेत. स्थानिक बोलीत अशा घळीला ‘चाइन’ म्हणतात. त्यांपैकी काउलीझ चाइन ही आपल्या कथेची मुख्य रंगभूमी. येथील मातकट खडक क्रिटेशस कालखंडाच्या पूर्वार्धातले, साधारण साडेबारा कोटी वर्षांपूर्वीचे. त्या वेळी हा भाग नद्यांच्या पूरमैदानाचा होता. आज समुद्र हा कडा सतत पोखरत असतो. प्रत्येक हिवाळी वादळानंतर थोडी माती ढासळते, आणि ढासळलेल्या मातीत कधी एखादे हाड दिसते. दिसते, आणि कोणी वेळेत उचलले नाही तर पुढच्या भरतीला वाहून जाते. येथे शोध लावायचा तर विद्वत्तेइतकीच रोजची पायपीटही हवी.

मँटेलने आपल्या वाट्याच्या तुकड्याचे वर्णन त्याच वर्षी केले आणि तो इग्वानोडॉनच्या पिलाचा सांगाडा आहे असा निर्वाळा दिला. हा निर्वाळा चुकीचा ठरला, तरी तो मूर्खपणाचा नव्हता. इग्वानोडॉन हे नाव मँटेलनेच १८२५ मध्ये दिले होते. त्याच्या ओळखीचा, त्याच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा शाकाहारी डायनासोर तोच. त्याच प्रकारच्या खडकांत, त्याच्याशी साम्य असलेला, पण लहान प्राणी सापडला, तर तो त्याचे पिलू असणार असे वाटणे स्वाभाविक होते. १८५५ मध्ये रिचर्ड ओवेनने या नमुन्याचा अभ्यास केला आणि तोही याच मतावर आला. ओवेन म्हणजे ‘डायनासोर’ हा शब्दच घडवणारा माणूस. मँटेल आणि ओवेन यांचे आयुष्यात क्वचितच कशावर एकमत झाले असेल. जेथे झाले, तेथे दोघेही चुकले!

आता या कथेत एक पाद्री येतो.

रेव्हरंड विल्यम फॉक्स १८६२ मध्ये आयल ऑफ वाइटवर आला. ब्राइस्टन गावच्या चर्चमध्ये तो दुय्यम धर्मगुरू होता. पद लहान, वेतन बेताचे. गाव मात्र समुद्रकड्याला लागून, आणि फॉक्सला जुन्या हाडांचे वेड. उपासना आटोपली की तो किनाऱ्यावर. चर्चच्या मुख्य धर्मगुरूची पत्नी म्हणे तक्रार करी की, या गृहस्थाला आधी हाडे सुचतात आणि मग गावचे लोक. तक्रारीत तथ्य असावे, कारण काही वर्षांतच ते पद त्याच्याकडे राहिले नाही. तरीही त्याने बेट सोडले नाही. पोटापुरते पैसे आहेत तोवर येथून हलणार नाही, या जुन्या ‘ड्रॅगनां’मध्ये आपण फार खोल गुंतलो आहोत, अशा आशयाचे त्याने ओवेनला कळवले होते.

फॉक्स शास्त्रज्ञ नव्हता आणि तसा आव त्याने आणला नाही. त्याने जमवलेले नमुने मात्र पाचशेहून अधिक भरले. कवचधारी पोलॅकॅन्थस त्यानेच १८६५ मध्ये शोधला. नमुना मिळाला की तो ओवेनला कळवी आणि वर्णन ओवेनच्या हातून होई. एकोणिसाव्या शतकातील विज्ञानाची ही सर्वसाधारण श्रमविभागणी होती: चिखलात गुडघे रुतवणारा एक, आणि लंडनच्या सभागृहात निबंध वाचणारा दुसरा. पहिल्याचे नाव टिकले तर नशीब.

१८६८ मध्ये काउलीझ चाइनपाशी फॉक्सला एक लहान कवटी मिळाली. शिलाखंडातल्या जुन्या सांगाड्यात नेमकी हीच गोष्ट धडपणे मिळाली नव्हती. फॉक्सचा स्वतःचा अंदाज असा की, हे इग्वानोडॉनचे पिलू असावे किंवा इग्वानोडॉनचीच एखादी नवी, लहान जाती असावी. त्या वर्षी नॉर्विच येथे ब्रिटिश असोसिएशनचे अधिवेशन भरले होते. फॉक्सने ती कवटी तेथे मांडली आणि ती थॉमस हेन्री हक्स्लीच्या नजरेस पडली.

हक्स्ली म्हणजे डार्विनचा कट्टर पाठीराखा आणि ओवेनचा कट्टर विरोधक. त्याने कवटी पाहिली ती या पूर्वग्रहाविना की, लहान म्हणजे पिलूच. त्याचे लक्ष गेले ते मुखाग्राकडे. इग्वानोडॉनच्या जबड्याचे टोक दंतहीन, चोचीसारखे असते. या कवटीत वरच्या जबड्याच्या अगदी पुढच्या हाडात, प्रत्येक बाजूस पाच, बारीक दात होते. पिलाचे दात मोठेपणी बदलतात हे खरे. पण हा भेद वयाचा नव्हता, घडणीचाच होता. मग हक्स्लीला तो जुना शिलाखंड आठवला. त्याने तो पुन्हा तपासला, आणि वीस वर्षे पिलू म्हणून नोंदलेला तो सांगाडा वेगळ्याच प्राण्याचा निघाला.

१८६९ च्या नोव्हेंबरात जिऑलॉजिकल सोसायटीपुढे हक्स्लीने या प्राण्याचे नामकरण केले: हिप्सिलोफोडॉन फॉक्साय. पुढच्या वर्षी सविस्तर वर्णन छापून आले. नावाच्या अर्थाबाबत एक गैरसमज अनेक पुस्तकांत आढळतो. ग्रीक शब्द सुटे करून ‘उंच कंगोऱ्यांचा दात’ असा अर्थ दिला जातो. वास्तविक ‘हिप्सिलोफस’ हे त्या काळी इग्वाना सरड्याचे एक पर्यायी शास्त्रीय नाव होते. म्हणजे ‘इग्वानोडॉन’ जसा ‘इग्वानाच्या दातांचा’, तसाच ‘हिप्सिलोफोडॉन’ही! हक्स्लीने प्राणी इग्वानोडॉनपासून वेगळा केला, आणि नाव मात्र जणू त्याच्याच नावाचा प्रतिशब्द शोधून दिले. नावाचा उत्तरार्ध अधिक सरळ आहे: ‘फॉक्साय’, म्हणजे फॉक्सचा. पाद्र्याचे नाव टिकले.

ओवेनला हे रुचले नाही. ज्या संग्राहकाचे नमुने आजवर त्याच्याकडे येत होते, त्याच्याच नमुन्यावर प्रतिस्पर्ध्याने नाव कोरले होते. १८७० च्या दशकात ओवेनने हा प्राणी पुन्हा इग्वानोडॉनच्या प्रजातीत ढकलून ‘इग्वानोडॉन फॉक्साय’ असे नाव योजले. ते कोणी स्वीकारले नाही.

हक्स्लीला या प्राण्यात एवढा रस का होता, हे पाहण्याजोगे आहे. पक्ष्यांचे डायनासोरांशी जवळचे नाते आहे, हा सिद्धांत तो त्याच काळात मांडत होता. हिप्सिलोफोडॉनच्या श्रोणीतील जघनास्थी पुढे न जाता मागे वळलेली होती, थेट पक्ष्यांसारखी. हक्स्लीला हा उत्तम पुरावा वाटला. येथे इतिहासाची एक मौज आहे. हक्स्लीचा निष्कर्ष बरोबर ठरला. पक्षी डायनासोरांचेच वंशज आहेत. पण हा पुरावा त्याला लागू पडत नाही. १८८७ मध्ये हॅरी सीलीने श्रोणीच्या रचनेवरून डायनासोरांचे दोन गट केले, ‘पक्षिश्रोणी’ आणि ‘सरटश्रोणी’. पक्षी उद्भवले ते दुसऱ्या गटातून. हिप्सिलोफोडॉनची मागे वळलेली जघनास्थी पक्ष्यांपासून स्वतंत्रपणे घडली होती. योग्य उत्तर, चुकीच्या आकडेमोडीतून.

१८८१ मध्ये फॉक्स निवर्तला. पुढच्या वर्षी त्याचा सारा संग्रह ब्रिटिश संग्रहालयाने विकत घेतला. त्याच १८८२ साली दोन गोष्टी घडल्या. जॉन व्हिटेकर हल्क या शल्यवैद्याने, जो फावल्या वेळचा पुराजीवशास्त्रज्ञ होता, हिप्सिलोफोडॉनच्या संपूर्ण अस्थिरचनेचे वर्णन प्रसिद्ध केले. आणि बेल्जियममध्ये लुई डोलो याने या प्राण्यासाठी एक स्वतंत्र कुल स्थापले: हिप्सिलोफोडोंटिडी.

हल्कच्या निबंधात एक सूचना होती. या प्राण्याच्या हातापायांची बोटे पकड घेणारी दिसतात. तेव्हा तो चार पायांवर चालत असावा आणि आसऱ्यासाठी खडकांवर, झाडांवर चढतही असावा. सूचना सौम्य होती. पण पुढे तिचा वृक्ष झाला, आणि हिप्सिलोफोडॉनला त्या वृक्षावर पाऊणशतक बसून राहावे लागले.

१९१२ मध्ये ऑस्ट्रियाच्या ओथेनिओ आबेलने प्रतिपादन केले की, या प्राण्याच्या पायाचा अंगठा इतर बोटांच्या समोर येऊ शके, जसा फांदीवर बसणाऱ्या पक्ष्याचा येतो. म्हणजे तो पूर्णपणे वृक्षवासी. आबेल एवढ्यावर थांबला नाही. सगळ्या डायनासोरांचे पूर्वजच मुळात झाडांवर राहत असावेत, असे त्याचे म्हणणे. १९१६ मध्ये डेन्मार्कच्या गेऱ्हार्ड हाइलमानने त्याची तुलना न्यू गिनी व ऑस्ट्रेलियातील वृक्ष-कांगारूशी केली, आणि कल्पनेला चित्ररूप मिळाले.

हाइलमान प्रामाणिक होता. दहा वर्षांनी त्याने हाडे पुन्हा पाहिली आणि मत बदलले. अंगठ्याच्या मुळाचे हाड शेजारच्या हाडाला घट्ट जोडलेले आहे, तेव्हा अंगठा उलटा वळणे शक्य नाही, असे त्याने १९२६ मध्ये लिहिले. आबेलने दुसऱ्याच वर्षी ते नाकारले. मग १९३६ मध्ये ब्रिटिश संग्रहालयाचा विल्यम स्विंटन आबेलच्या बाजूने उभा राहिला. स्विंटन डायनासोरांवर सामान्य वाचकांसाठी लिहिणारा अत्यंत लोकप्रिय लेखक. त्याचे मत पुस्तकांत गेले, पुस्तकांतून चित्रांत आणि चित्रांतून मुलांच्या मनांत. तीन दशकांहून अधिक काळ फांदीवर बसलेला हिप्सिलोफोडॉन हे डायनासोरांच्या पुस्तकांतले ठरलेले चित्र होते. चूक दुरुस्त करणारा लेख १९२६ सालीच छापून आला होता. पण लेखापेक्षा चित्राचे आयुष्य मोठे असते.

हे चित्र पुसले ते पीटर गॉल्टन याने. त्याने लंडनमधील सांगाड्यांचा हाडागणिक अभ्यास केला आणि १९७१ मध्ये आबेलचा एकेक मुद्दा घेऊन खोडून काढला. पायाच्या अंगठ्याची जुळणीच मुळात चुकली होती. नख्यांची वक्रता चढणाऱ्या प्राण्याची नव्हती. खांद्याची हालचाल फांद्या धरण्याइतकी मोकळी नव्हती. शेपटीचा मागचा भाग अस्थिमय झालेल्या कंडरांनी ताठ बांधलेला होता. ती फांदीला विळखा घालण्याच्या कामाची नव्हती, धावताना तोल सांभाळण्याच्या कामाची होती. आणि सर्वांत बोलका पुरावा पायांचा. मांडीचे हाड आखूड, नडगीचे त्याहून लांब आणि पाऊल लांबट. हे प्रमाण हरणात दिसते, शहामृगात दिसते. माकडात दिसत नाही. मांडी आखूड असली की जड स्नायू धडाजवळ राहतात, खालचा पाय हलका होतो आणि पाऊल लांब, झपाट्याने पडते.

तेव्हा झाडावरून उतरवलेला हा प्राणी कसा दिसत असे? लांबी सुमारे दोन मीटरपर्यंत, त्यातली निम्मी शेपटीची. वजन साधारण वीस किलो, म्हणजे एखाद्या मध्यम कुत्र्याइतके. दोन पायांवर, शरीर जमिनीला समांतर ठेवून धावणारा. हात आखूड, पाच बोटांचे. डोळे मोठे. तोंडाच्या टोकाला चोच, तिच्यामागे ते हक्स्लीने हेरलेले बारीक दात, आणि गालांत एकमेकांवर घासून स्वतःच धार धरणारे दात. गॉल्टनने १९७३ मध्ये असेही सुचवले की, अशा डायनासोरांना गाल असावेत, म्हणजे चावताना पाला तोंडाबाहेर सांडत नसे. शिंगे नाहीत, काटे नाहीत, चिलखत नाही. संरक्षणाचे साधन एकच: पळणे.

चिलखताचाही वाद झाला होता. हल्कला सांगाड्यापाशी पातळ चकत्यांसारखे तुकडे दिसले होते आणि त्याने ते त्वचेवरचे कवच मानले. २००८ मध्ये रिचर्ड बटलर आणि स्वतः गॉल्टन यांनी ते पुन्हा तपासले, तेव्हा ते बरगड्यांशी निगडित कूर्चेचे कठीण झालेले पट्ट असल्याचे दिसून आले. अंगावरचे नव्हे, अंगातले.

काउलीझ चाइनच्या परिसरात या प्राण्याचे इतके सांगाडे मिळाले की, तेथील सुमारे एक मीटर जाडीच्या थराला ‘हिप्सिलोफोडॉन थर’ असेच नाव पडले. किनाऱ्यालगत तो सुमारे १२०० मीटर पसरलेला आहे. अनेक सांगाडे सांध्यांसकट जुळलेले, म्हणजे मृत्यूनंतर फारसे न विखुरता पुरले गेलेले. साऱ्या बेटावर हा शाकाहारी धावपटू प्रामुख्याने याच पट्ट्यात सापडतो. एखाद्या पुरात किंवा दलदलीत कळपच्या कळप रुतला असावा, हे त्याचे पारंपरिक स्पष्टीकरण. ज्याचे सारे आयुष्य पायांवर अवलंबून, त्याचे पायच चिखलाने धरले.

आता कुलाकडे. डोलोने स्थापलेले हिप्सिलोफोडोंटिडी कुल विसाव्या शतकात वाढतच गेले. जेथे जेथे लहान, दोन पायांचा, चपळ, शाकाहारी डायनासोर मिळे, तेथे तो याच कुलात जमा होई. उत्तर अमेरिका झाली, चीन झाला, दक्षिण अमेरिका झाली. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील डायनासोर कोव्ह येथे टॉम रिच आणि पॅट्रिशिया व्हिकर्स-रिच या दांपत्याने समुद्रकड्यात सुरुंग लावून बोगदे खणले. १९८९ मध्ये तेथून दोन नवे प्राणी जाहीर झाले. एकाला त्यांनी आपल्या कन्येचे नाव दिले, लिएलिनासोरा. दुसऱ्याला खोदकामाची यंत्रे पुरवणाऱ्या कंपनीचे, अ‍ॅटलासकॉप्कोसॉरस. दहा वर्षांनी एका विमान कंपनीचीही पाळी आली, क्वांटासॉरस! त्या काळी हा प्रदेश दक्षिण ध्रुवाच्या इतका जवळ होता की, तेथे हिवाळ्यात दीर्घ रात्र असे. लिएलिनासोराचे मोठे डोळे आणि मेंदूतील दृष्टीचा विकसित भाग यांची सांगड संशोधकांनी त्या अंधाराशी घातली.

अमेरिकेतील माँटाना राज्यात तर अधिकच गुंतागुंत झाली. तेथील एग माउंटन या टेकडीवर अंड्यांची घरटी मिळाली, आणि जवळच एका चपळ शाकाहारी डायनासोरची अनेक हाडे. १९८८ मध्ये जॅक हॉर्नर आणि डेव्हिड वाइशॅम्पेल यांनी त्या प्राण्याला ओरोड्रोमिअस, म्हणजे ‘पर्वतावरचा धावपटू’, असे नाव दिले आणि अंडी त्याचीच मानली. अंड्यांतील गर्भांचा बारकाईने अभ्यास झाला तेव्हा ते गर्भ ट्रुओडॉन या मांसाहारी डायनासोरचे निघाले. १९९६ मध्ये दोघांनी चूक जाहीरपणे दुरुस्त केली. मग घरट्यांभोवती ओरोड्रोमिअसची हाडे कशी? बहुधा तो त्या घरट्यांतला यजमान नव्हता, भक्ष्य होता.

त्याच माँटानात २००७ मध्ये ओरिक्टोड्रोमिअसचे वर्णन झाले, सुमारे साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीचा. एक प्रौढ आणि दोन पिले, तिघेही स्वतः खणलेल्या बिळात, पुराच्या गाळाने बुजलेल्या अवस्थेत. डायनासोर बीळ खणत असे याचा हा पहिला ठोस पुरावा. पिले अर्धवट वाढलेली होती, म्हणजे पालनपोषण बराच काळ चालत असावे. जे ‘पिलू’ म्हणून हिप्सिलोफोडॉनला वीस वर्षे खोट्या आईबापांच्या नावावर काढावी लागली, त्या जातकुळीच्या प्राण्यांची खरी पिले, खऱ्या पालकासह, अशी हाती आली.

पण ‘जातकुळी’ हाच शब्द तोवर डळमळीत झाला होता. १९८० च्या दशकापासून वर्गीकरणाची पद्धत बदलली. दिसण्यातले साम्य पुरेसे नाही. एका पूर्वजाचे वंशज असल्याची खूण हवी, हा दंडक आला. या कसोटीवर हिप्सिलोफोडोंटिडी कुल टिकेना. लहान असणे, दोन पायांवर धावणे, पाला चावणे ही वंशाची खूण नव्हती. या साऱ्या शाखांना ती जुन्या पूर्वजांकडून मिळालेली सर्वसाधारण देणगी होती. आडनावाऐवजी केवळ बांध्यावरून माणसे एका घराण्यात बसवावीत, तसा हा प्रकार झाला होता. एकेक सदस्य बाहेर पडू लागला. उत्तर अमेरिकेचे बरेचसे थेस्सेलोसॉरसच्या कुलात गेले, ऑस्ट्रेलियाचे वेगळ्या दक्षिणी शाखांकडे वळले. अनेक विश्लेषणांत अखेर कुलात एकच प्राणी उरला, ज्याच्या नावाने ते स्थापन झाले तो.

नावापुरत्या उरलेल्या या कुलाला २०२३ मध्ये अनपेक्षितपणे एक सोबती मिळाला, आणि तोही त्याच बेटावर. आयल ऑफ वाइटच्या किनाऱ्यावरील खडकांत श्रोणी आणि मागच्या पायांची हाडे मिळाली होती. निकोलस लॉन्गरिच आणि सहकाऱ्यांनी त्यांचा अभ्यास करून नाव दिले व्हेक्टिड्रोमिअस इन्सुलॅरिस. ‘व्हेक्टिस’ हे या बेटाचे रोमन नाव. अर्थ, ‘बेटावरचा व्हेक्टिसचा धावपटू’. प्राणी हिप्सिलोफोडॉनच्या थोडा आधीच्या थरांतला. श्रोणीच्या आणि पायाच्या हाडांतील भेद पाहता तो हिप्सिलोफोडॉन नव्हे, पण त्याचा जवळचा नातलग असल्याचा निष्कर्ष निघाला.

व्हेक्टिड्रोमिअसचा हा एकमेव नमुना पूर्ण वाढलेला नाही. हाडांवरून तो मेला तेव्हा पिलूच होता. या वेळी मात्र संशोधकांनी ते आरंभीच तपासले.